जीनमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत

आमच्या घाटंजीत त्या काळी नाटकाला टाळ्या वाजत नसत. बाहेरगावच्या नटांना वाटायचं, गाव अडाणी आहे, नाटक कळलंच नाही. अहो, सगळं कळत होतं! आमच्याइतकं नाटक कळणारी माणसं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पुसदवाल्यांना राग येत असेल तर खुशाल येऊ दे.

टाळ्या न वाजण्याचं कारण साधं होतं. आमचं नाट्यगृह म्हणजे एक बंद पडलेली जीन. कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी बांधायचा जो कारखाना असतो, त्याला आमच्याकडे जीन म्हणतात. कापसाचे वाईट दिवस आले, भाव पडले, आणि एकेक जीन गप्प झाली. त्यातली एक, बसस्टँडमागची, मालकाने मास्तरांच्या नाट्यमंडळाला वापरायला दिली. मास्तर शाळेत मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायचे, बसवायचे, त्यांत खडूस म्हाताऱ्याचं कामही करायचे. यंत्रं विकली गेली होती. राहिली होती ती उंच टिनाची शेड, आणि वर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर वर्षानुवर्षं साचलेली रुई. तिथवर शिडीही पोचायची नाही आणि झाडूही.

पहिल्याच नाटकात गंमत झाली. राजाचं काम आमच्या गावातल्या एका वकिलांकडे होतं. आवाज चांगला, पण स्वतःच्या आवाजावर त्यांचं स्वतःचंच फार प्रेम. त्यांनी पहिल्या गाण्याला लांबलचक आलाप घेतला, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, टिन थरथरलं, आणि वरून रुई पडायला लागली. वकीलसाहेबांचं तोंड आलापासाठी उघडंच होतं. एवढा ठसका लागला, एवढा ठसका लागला, की राणी सिंहासन सोडून पाणी आणायला पळाली. लोक हसून हसून बेजार! पण मास्तरांनी दुसऱ्या दिवशीच नियम केला. जीनमध्ये टाळी नाही, शिट्टी नाही, पाय आपटणं नाही. आवडलं तर पुरुषांनी गळ्यातला दुपट्टा वर धरून हलवायचा, बायांनी हात उंच करून बांगड्या वाजवायच्या. काचेच्या बांगड्यांची किणकिण टिनाला हलवत नाही, पण रंगमंचावर बरोबर ऐकू जाते.

आणि गावाने हा नियम पाळला! सभेत, लग्नात, निवडणुकीत कोणाचं न ऐकणारं आमचं गाव, पण जीनमध्ये नाटकासाठी हात आवरून बसायचं. या गोष्टीचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे.

आता माझं सांगते. मी तहसील कचेरीत कारकून होते. दिवसभर सातबारा आणि शिक्के. नाटक असलं की मात्र तिसऱ्या रांगेत, बायांच्या बाजूला, खांबाजवळ मी असणारच. पहिल्या रांगेत पावडर दिसते, पाचवीत डोळे दिसत नाहीत, तिसरी बरोबर. आमचे हे पुरुषांच्या बाजूला बसून पहिल्या अंकात झोपायचे आणि घरी जाताना मलाच विचारायचे, "मंग शेवटी काय झालं व?" नाटक संपलं की सगळे नट रंग न पुसता आधी माझ्याकडे बघायचे. मी तोंडदेखलं कधी बोलले नाही. वाईटाला वाईटच म्हटलं.

माझी मतं पक्की होती. नटाने प्रेक्षकांच्या वाटचं रडू नये. तुम्हीच हंबरडा फोडला तर आम्ही काय करायचं, शेंगदाणे खायचे? संगीत नाटकातलं गाणं म्हणजे जेवणातलं लोणचं नाही, बाजूला वाढलेलं. गाण्याआधी माणूस जिथे होता तिथेच गाणं संपल्यावर उभा असेल, तर गाणं कायले घातलं? गाता गाता नायिकेकडे न बघता तबलेवाल्याकडे बघणारा नायक मला अजिबात चालत नाही. संसार कोणाशी करायचा आहे तुला? आणि ते नवीन निघालं होतं, टेपवर गाणं लावून खाली नुसते ओठ हलवायचे. त्याला मी नाटकच म्हणत नाही.

माझ्या शेजारी नेहमी माझी चुलत नणंद बसायची. आमच्या चुलतसासऱ्यांची ही एकुलती एक मुलगी. कळंबकडच्या एका गावात दिलेली, पण जीनमध्ये नवं नाटक लागलं की माहेरी हजर. हातात डझनभर तरी बांगड्या, आणि जीनमध्ये सगळ्यात मोठी किणकिण तिचीच. नट सांगायचे, तिसऱ्या रांगेतून आवाज आला की जीव भांड्यात पडतो. नाटकभर माझ्या कानात तिची बडबड चालायची. "वैनी, याची मिशी निघून राह्यली पाहा." "वैनी, हे बाई मागल्या नाटकात याची माय होती न?" मी चिमटा काढायची तेव्हा कुठे गप्प बसायची.

मग ती वर्षं आली. तिच्या नवऱ्याने औषध घेतलं. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, लिहिणारे पुष्कळ आहेत. फोटोवाले आले, तिला दारात उभं केलं, "ताई, जरा इकडे बघा" म्हणाले. तेव्हापासून ती कोणाकडे बघेनाशी झाली. माहेरी परत आली. काही महिन्यांनी मी तिला बळेबळे नाटकाला नेलं, तर जीनच्या दारातून आत आल्यावर तिने माझा हात सोडला आणि सगळ्यात मागे, भिंतीपाशी जाऊन बसली.

मागे त्या सगळ्या बसायच्या. बांगड्या नसलेल्या. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पण पुढे बायांनी हात उंच करून बांगड्या वाजवायच्या आणि आपण मांडीवर हात ठेवून बसायचं, हे कोणाला सोसेल? त्यापेक्षा मागे अंधारात बरं. त्या वर्षांत मागची रांग लांबत गेली आणि पुढची किणकिण कमी होत गेली. ते मला ऐकू यायचं. आमचा नियम चांगला होता, पण तो करताना या बायांचा विचार कोणीच केला नव्हता. मीही नाही.

मी मात्र माझ्या शेजारची जागा धरून ठेवायची. पिशवी ठेवायची तिथे. कोणी विचारलं, "इथं कोणी हाय का?" की मी म्हणायची, "हाय."

एकदा मोठ्या शहरातली एक नाटकमंडळी आली. नाटक कापसावरचं, शेतकऱ्यावरचं. तेव्हा तीच लाट होती. जो उठेल तो आमच्यावर नाटक लिहायचा. पडदा उघडला तर नायिका हातात विळा घेऊन कापूस कापून राह्यली! अहो, कापूस वेचतात हो, कापत नाहीत! जीन हसून हसून हलली. वर कापूस, खाली कापूस, आणि मधे विळा. तरी आम्ही सांभाळून घेतलं. नायिका मनापासून काम करत होती. पण शेवटी नायकाने दोर काढला, आणि तो दोर त्यांनी चांगला पाच मिनिटं लोंबता ठेवला, वर निळा दिवा सोडून. मी मागे वळून पाहिलं. माझी नणंद उठून दाराबाहेर चालली होती. तिच्यामागून आणखी दोघी.

खेळ संपला. लोकांनी नायिकेसाठी दुपट्टे हलवले, बायांनी बांगड्या वाजवल्या. टाळी नाही म्हणून त्यांचा मुख्य नट पुढे आला आणि जरा घुश्शातच म्हणाला, "आवडलं नाही का आपल्याला?" पुढच्या रांगेतला एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "आवडलं न जी. पण वर कापूस हाय." त्या नटाला काय कळणार! माझ्याकडे लोक बघायला लागले, तशी मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, आमचंच मढं आम्हाले दाखवायला एवढ्या दुरून आले तुम्ही. आम्ही ते रोज पाहून राह्यलो. नाटकात आम्ही दुसरं काही पाहायला येतो."  आमच्या यांनी घरी जाताना पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

मास्तरांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः संगीत नाटक लिहिलं, आणि तेही हसायचं. खडूस सासऱ्याच्या घरी नवी सून येते. घरात गाण्याला बंदी. सून तिखट, ती भांडणसुद्धा गाण्यात करते, आणि हळूहळू सासऱ्यालाच ताल धरायला लावते. मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, यातलं प्रत्येक गाणं काहीतरी काम करते." माझ्याकडून एवढं म्हणजे मोठंच बक्षीस. पेटीवर गावातला एक मुसलमान मोटार मेकॅनिक होता. गॅरेज बंद करून हात रॉकेलने धुऊन यायचा आणि त्या काळ्या बोटांनी अशी पेटी वाजवायचा की ऐकतच राहावं.

सून कोण करणार? मास्तर म्हणाले, गावात गळा एकच आहे. तो होता माझ्या धाकट्या जावेचा.

जाऊ माझी भांडी घासतानाही सुरात असायची. माझा दीर याच जीनमध्ये फिटर होता. जीन बंद झाली, त्यानंतर दोन वर्षांत तो काविळीने गेला. त्यानंतर तिचं गाणं थांबलं. पेटीवाल्याने एकदा आमच्या ओसरीवर बसून चाल वाजवली आणि ती आतून, भाकरी थापता थापता, नकळत गुणगुणली. मग तिची तीच चपापली. मी तिला बाहेर ओढून आणलं. "गा," म्हटलं. ती म्हणाली, "ताई, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "लोकाचं मी पाहून घेईन."

पण नवी सून म्हणजे हिरवा चुडा आला, कुंकू आलं, हळद आली. गावात कुजबुज सुरू झाली. चुलतसासरे काठी टेकत घरी आले. घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या जावेसमोर ते काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "सूनबाई, नवरा गेलेली बाई हिरव्या बांगड्या घालून चारचौघांत नाचणार? उद्या माणसं उठून जातीन. तिचीच बेइज्जती होईन. मी तिच्या भल्याचं सांगून राह्यलो."

"मामंजी, ती नाचत नाही, गाते," मी म्हटलं. "आणि माणसं उठून गेली तर मी एकटी बसून ऐकीन."

"तू बसशीन. गाव बसन का?"

 ते रागाने बोलत नव्हते, भीतीने बोलत होते. त्यांच्या घरात त्यांची स्वतःची मुलगी रित्या मनगटांनी वावरत होती. गावाचं तोंड त्यांनी रोज सोसलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "तुम्ही या. नाही आवडलं तर काठी आपटा."

खेळाच्या दिवशी जीन भरून गेली. आजूबाजूच्या तांड्यांवरून, कोलामांच्या पोडांवरूनही माणसं आली होती. निम्मे लोक नाटक पाहायला आणि निम्मे माझ्या जावेला पाहायला आले होते, हे मला ठाऊक होतं. चुलतसासरे पुरुषांच्या पहिल्या रांगेत, काठी दोन गुडघ्यांत धरून. नणंद मागे भिंतीपाशी. माझ्या शेजारी पिशवी. आत जाऊन आले तर जाऊ रंगवलेल्या चेहऱ्याने आरशासमोर बसली होती आणि हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत होती. एकेक बांगडी पुढे-मागे सरकवत होती. मी तिच्या हनुवटीला हात लावला.  

पडदा उघडला. उंबऱ्यावरचं माप, सासऱ्याचा पहिला दम, आणि सुनेचं पहिलं गाणं. पेटीने सूर दिला. तिने पहिली ओळ घेतली. काय आवाज! इतकी वर्षं दाबून ठेवलेला, मोकळा, खणखणीत. ती तबल्याकडे पाहत नव्हती, पेटीकडे पाहत नव्हती, सासऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून भांडत होती. मधे एका जागी लोकांना हसू आलं, पण त्यांनी ते तोंडातच धरलं. हसावं की नाही, हेच कोणाला कळत नव्हतं.

गाणं संपलं.

काहीच झालं नाही. एकही दुपट्टा हलला नाही. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. हात मांडीवर, बांगड्या मुक्या. पुरुष चुलतसासऱ्यांच्या पाठीकडे पाहत होते. ती समोर उभी. सासरा झालेले मास्तर पुढचं वाक्य बोलायचं सोडून नुसते पाहत राहिले. मी हात वर केले आणि जोरजोरात बांगड्या वाजवल्या. माझ्या एकटीची किणकिण ती केवढी! जावेने माझ्याकडे पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली. आता ही आत पळते, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून टाळी वाजली.

एकच. मग दुसरी. सरळ, मोठी, हाताला लागेल अशी टाळी. सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीपाशी माझी नणंद उभी राहिली होती. मान वर, नजर थेट रंगमंचावर, आणि उघड्या मनगटांनी टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारची उठली. मग पलीकडची. बघता बघता मागची सगळी रांग उभी! बांगड्याच नाहीत तर वाजवणार काय? हात तर होते! टिन हादरलं आणि वरून रुई सुटली.

मी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि टाळी वाजवली. खांबापलीकडची बाई, तिच्या मागची, मग सगळ्याच. दुपट्टे हलले, शिट्ट्या निघाल्या. इतक्या वर्षांचा पाळलेला नियम गावाने एका मिनिटात मोडला, आणि इतका छान मोडला! सगळ्यांच्या डोक्यावर रुई पडत होती. पेटीवाल्याने एकदा वर पाहिलं, पेटीवरची रुई फुंकली आणि पुन्हा पहिला सूर धरला. जावेने ओठाला चिकटलेला कापूस दोन बोटांनी काढला, पदराने डोळे पुसले आणि तेच गाणं पहिल्यापासून घेतलं. वकीलसाहेबांना जे जमलं नव्हतं, ते तिला जमलं. कापूस पडत होता आणि ती गात होती. ठसका नाही, काही नाही. या वेळी लोक हसायच्या जागी पोट धरून हसले.

चुलतसासरे शेवटपर्यंत बसून होते. काठी त्यांनी आपटली नाही. त्यांच्या काळ्या टोपीवर रुई जमली होती, तीही झटकली नाही. बाहेर पडताना ते दारापाशी थांबले आणि मुलीची वाट पाहू लागले. ती आली, तिने त्यांच्या खांद्यावरची रुई काढली, आणि दोघं घराकडे निघाली.

आत जाऊ केसांतला कापूस वेचत बसली होती. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, माझं मत ऐकायला.

"दुसऱ्या कडव्यात घाई केली तू," मी म्हटलं.

"हो ताई," ती म्हणाली.

"आणि शेवटच्या ओळीत श्वास चोरला."

"हो ताई."

मग मी तिला पोटाशी धरलं आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. नटाने रडू नये म्हणते मी. मी कुठे नट आहे?

दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळ होता. लोकांच्या आग्रहाने ठेवलेला. मी लवकर जाऊन तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसले आणि सवयीने शेजारी पिशवी ठेवली. जीन भरत होती. पहिली घंटा झाली. माझ्या मागून कोणीतरी आलं, वाकलं, आणि पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"सरका न वैनी," नणंद म्हणाली. "दिसून नाई राह्यलं मागून."